तांब्यात ३५ न्यूट्रॉन नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की वृत्तपत्रांची शैक्षणिक पाने, सराव प्रश्नसंच आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवरचे तक्ते यांत एक प्रश्न हमखास भेटतो : ‘तांब्याच्या अणूत किती न्यूट्रॉन असतात?’ उत्तर छापलेले असते ३५. रीतही सोबत दिलेली असते. आवर्तसारणीतले अणुवस्तुमान घ्या, ६३.५४६. ते पूर्णांकात करा, ६४. त्यातून अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, २९ वजा करा. ३५ आले, गुण मिळाले, मूल पुढच्या प्रश्नाकडे वळले.

हे उत्तर चूक आहे, आणि चूक दशांशातली नाही. ३५ न्यूट्रॉनवाला अणू खाणीतून निघणाऱ्या तांब्यात सापडतच नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम होऊन मांडलेला कुठलाही हंडा घ्या. त्यातल्या दर १०० अणूंपैकी साधारण ६९ अणूंत ३४ न्यूट्रॉन असतात आणि उरलेल्या ३१ अणूंत ३६. मधला, ३५ वाला, एकही नाही. तो अणुभट्टीत किंवा सायक्लोट्रॉन या कणत्वरकात बनवता येतो, पण १२.७ तासांत निम्मा होतो (या काळाला अर्धायुष्य म्हणतात). सकाळी सातला बनवला तर दुसऱ्या दिवशी साडेआठच्या सुमारास एक चतुर्थांशच शिल्लक असतो. म्हणजे आपण मुलांना तांब्याचे म्हणून जे उत्तर पाठ करायला लावतो, ते नेमके ज्या अणूंचे तांबे कधीच बनलेले नसते त्यांचे आहे.

गोंधळाचे मूळ दोन शब्दांत आहे. मराठीत हे शब्द इतके सारखे आहेत की घाईत वाचताना डोळा फसतो : ‘अणुवस्तुमानांक’ आणि ‘अणुवस्तुमान’. अणुवस्तुमानांक ही मोजणी आहे. एका विशिष्ट अणूच्या केंद्रकात प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन किती, ते तो सांगतो, आणि मोजणी असल्यामुळे तो नेहमी पूर्णांकच असतो. अणुवस्तुमान हे वजन आहे, तेही सरासरी. त्या मूलद्रव्याची निसर्गात मिळणारी सगळी समस्थानिके (प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असलेले अणू) आपापल्या प्रमाणात धरून, कार्बन-१२ च्या, म्हणजे अणुवस्तुमानांक १२ असलेल्या कार्बनच्या, अणूचा बारावा भाग १ मानून काढलेली ही सरासरी. न्यूट्रॉनसंख्या काढायची तर अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा करायचा असतो. सरासरीतून वजा करून कुठल्याच अणूची न्यूट्रॉनसंख्या मिळत नाही. वर्गातल्या मुलांचे सरासरी वय १३.६ वर्षे निघाले म्हणून १४ वर्षांचे मूल वर्गात असलेच पाहिजे असे नाही.

‘बाकीच्या मूलद्रव्यांना तर ही रीत लागू पडते’, असे शिक्षक सांगतात. पडते, पण काहींनाच. सोने, ॲल्युमिनियम, सोडियम, फॉस्फरस, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीन, फ्लोरिन यांचे निसर्गात एकेकच स्थिर समस्थानिक आहे. तिथे सरासरी काढायला दुसरे काही नाहीच, म्हणून पूर्णांक बरोबर येतो. सोन्याचे १९६.९६७, म्हणजे १९७; वजा ७९; न्यूट्रॉन ११८. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांत एकच समस्थानिक ९८ टक्क्यांच्या वर आहे, म्हणून तिथेही निभावते. क्लोरिनचे ३५.४५ खाली उतरून ३५ होते आणि १८ न्यूट्रॉन मिळतात. हे तीन चतुर्थांश क्लोरिनला लागू आहे. उरलेल्या २४ टक्क्यांत २० आहेत, त्याचा उल्लेख उत्तरात नसतो.

लक्ष्मी रस्त्यावरच्या एकाच दुकानात सोन्याशेजारी मांडलेल्या चांदीला मात्र हीच रीत दगा देते. चांदीचे अणुवस्तुमान १०७.८६८, पूर्णांक १०८, वजा ४७, उत्तर ६१. प्रत्यक्षात चांदीचे जवळजवळ ५२ टक्के अणू ६० न्यूट्रॉनचे आणि ४८ टक्के ६२ चे. ६१ न्यूट्रॉनच्या चांदीचे अर्धायुष्य २.४ मिनिटे आहे. ब्रोमीनचेही तेच : ७९.९०४ वरून ८० आणि ४५ न्यूट्रॉन. खरे ४४ आणि ४६, जवळजवळ निम्मेनिम्मे. गॅलियमचे ६९.७२३ वरून ७० आणि ३९; खरे ३८ आणि ४०.

या चार उदाहरणांत एक सूत्र आहे आणि ते मुलांना सांगण्याजोगे आहे. तांबे २९, चांदी ४७, ब्रोमीन ३५, गॅलियम ३१ : चारही अणुअंक विषम. चौघांचीही स्थिर समस्थानिके दोन-दोन, आणि त्यांत न्यूट्रॉन मात्र सम. कारण केंद्रकात प्रोटॉनची प्रोटॉनशी आणि न्यूट्रॉनची न्यूट्रॉनशी जोडी जमते, आणि जोडी जमली की बंध अधिक घट्ट होतो. प्रोटॉन विषम असले की एक प्रोटॉन आधीच एकटा राहतो. वर न्यूट्रॉनही विषम असतील तर दोघे एकटे. असे केंद्रक, एखाद्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन करून किंवा प्रोटॉनचा न्यूट्रॉन करून, दोन्ही संख्या सम करून घेते. तांबे-६४ हे दोन्ही दिशांनी करते. सुमारे ६१ टक्के केंद्रके निकेल-६४ होतात, म्हणजे २८ प्रोटॉन, ३६ न्यूट्रॉन. उरलेली ३९ टक्के जस्त-६४ होतात, म्हणजे ३० आणि ३४. दोन्हीकडे सम-सम. शेजारी दोन्ही बाजूंना इतकी पक्की घरे असताना मधल्या तांब्याचा निभाव लागत नाही.

आजवर माहीत असलेल्या सुमारे २५० स्थिर केंद्रकांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही विषम असणारी हातावर मोजण्याइतकी आहेत : हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१०, नायट्रोजन-१४ ही चार हलकी, आणि टँटलम-१८० ची एक उत्तेजित अवस्था. म्हणून विद्यार्थ्याने वजाबाकी केल्यावर एक तपासणी करावी. अणुअंक विषम आहे आणि उत्तरही विषम आले, तर थांबावे. ही पाच नावे सोडली तर तो अणू स्थिर नाही. नायट्रोजनचा अपवाद मोठा आहे, आपण श्वासात घेतो त्या हवेचा बहुतांश त्याच ७ अधिक ७ चा आहे, म्हणून तो लक्षात ठेवायलाच हवा. पण नियम इतका उपयोगी आहे की अपवादासकट शिकवावा.

अणुअंक सम असेल तेव्हा चित्र पालटते. प्रोटॉनच्या जोड्या आधीच जमलेल्या असतात, त्यामुळे न्यूट्रॉन कमीजास्त झाले तरी केंद्रक ते पेलते. याचा नमुना स्वयंपाकघरातच आहे. पितळेच्या पातेल्याला कल्हई करताना कल्हईवाला भाता चालवून पातेले तापवतो, नवसागराची पूड टाकतो, कथलाची कांडी फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील आतून सर्वत्र पसरवतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आता न्यूट्रॉन मोजा. तांब्याच्या अणूंत ३४ किंवा ३६, म्हणजे दोन प्रकार. जस्ताचा अणुअंक ३०, सम. त्यात ३४, ३६, ३७, ३८ आणि ४० असे पाच प्रकार. कथलाचा अणुअंक ५०. त्यात ६२, ६४, ६५, ६६, ६७, ६८, ६९, ७०, ७२ आणि ७४ असे तब्बल दहा. कथलाइतकी स्थिर समस्थानिके दुसऱ्या कुठल्याही मूलद्रव्याला नाहीत. कल्हई केलेल्या एका पातेल्यात तीन धातू आहेत आणि अणूंचे सतरा प्रकार आहेत. कांडी नवी असो की जुनी, कथलाच्या दर १०० अणूंमागे ७० न्यूट्रॉनचे सुमारे ३३, ६८ चे २४ आणि ६५ चा एकही सापडेल न सापडेल, हे प्रमाण जवळजवळ तेच राहते.

कथीलच का, याचे कारण ५० या आकड्यात आहे. प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन २, ८, २०, २८, ५०, ८२ झाले, किंवा न्यूट्रॉन १२६ झाले, की केंद्रकातला एक थर पूर्ण भरतो आणि ते विशेष घट्ट होते. या थरांची उपपत्ती मांडल्याबद्दल मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कॅल्शियमचे प्रोटॉन २०, म्हणून त्याच्यातही न्यूट्रॉन २० पासून २८ पर्यंत पसरलेले आहेत, आणि ही दोन्ही टोकेही त्याच यादीतली आहेत.

पुन्हा पातेल्याकडे. ‘पूर्णांक करा’ ही रीत जस्ताला लावली तर ६५.३८ वरून ६५ आणि ३५ न्यूट्रॉन येतात. वरच्या पाच आकड्यांत ३५ नाही. जस्त-६५ किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य २४४ दिवस. इथे अणुअंक सम असल्याने विषमाची तपासणीही विद्यार्थ्याला वाचवू शकत नाही. कथलाला लावली तर ११८.७१ वरून ११९ आणि ६९. हा अणू खरोखर आहे, पण १०० मध्ये नऊसुद्धा नाहीत. सर्वांत जास्त आहेत ते ७० चे. एकच रीत एकाच पातेल्यातल्या तिन्ही धातूंना तीन वेगवेगळ्या प्रकारे चुकीची ठरते. तांब्याला नसलेला अणू, जस्ताला किरणोत्सारी अणू, कथलाला अल्पसंख्य अणू.

मधला विषम-विषम अणू प्रत्येक ठिकाणी लगेच नाहीसा होतो असे मात्र नाही. क्लोरिन-३६ चे अर्धायुष्य सुमारे ३ लाख वर्षे आहे. आणि पोटॅशियम-४० चे १२५ कोटी वर्षे. पोटॅशियमचा अणुअंक १९. स्थिर समस्थानिके दोन, २० आणि २२ न्यूट्रॉनची. मधले २१ चे पृथ्वी तयार झाली तेव्हापासून क्षय पावत आहे, आणि आयुष्य इतके दीर्घ असल्याने अजून दर १० हजार अणूंत एखादा उरलेला आहे. १ ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला अशी सुमारे ३१ केंद्रके क्षय पावतात. मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे सेकंदाला १२-१३. आपल्या शरीरात हीच संख्या ४ हजारांच्या पुढे आहे. किरणोत्सार म्हटले की घाबरणाऱ्या वाचकांनी एवढे लक्षात घ्यावे की हे माणसाच्या शरीरात नेहमीचे आहे, आणि केळी खाल्ल्याने ते वाढतही नाही, कारण जादा पोटॅशियम शरीर बाहेर टाकते.

या एका अणूने आवर्तसारणीतले एक जुने कोडे निर्माण केले. पोटॅशियम-४० ची ८९ टक्के केंद्रके कॅल्शियम-४० होतात आणि ११ टक्के आर्गॉन-४०, म्हणजे १८ प्रोटॉन आणि २२ न्यूट्रॉन. खडकांतून सुटत गेलेला हा आर्गॉन हवेत साठला. आज हवेत ०.९३ टक्के आर्गॉन आहे आणि त्यातला ९९.६ टक्के आर्गॉन-४० आहे. त्यामुळे आर्गॉनचे सरासरी अणुवस्तुमान ३९.९४८ झाले. त्याच्या पुढच्या घरातल्या पोटॅशियमचे ३९.०९८, म्हणजे कमी. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये वजनांच्या चढत्या क्रमाने मूलद्रव्ये लावली होती. १८९४ मध्ये आर्गॉन सापडला तेव्हा हा उलटा क्रम दिसला. १९१३ मध्ये इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ मोसलेने क्रम अणुअंकाने लावायचा हे दाखवल्यावर जागा पक्क्या झाल्या. जड कोण आणि हलके कोण हे न्यूट्रॉन ठरवतात, जागा कोणती हे प्रोटॉन. टेल्युरियम-आयोडीन आणि कोबाल्ट-निकेल या जोड्यांतही हेच झाले आहे. दहावीच्या आवर्तसारणीच्या धड्यात या जोड्या ‘मेंडेलीव्हच्या सारणीतील त्रुटी’ म्हणून पाठ केल्या जातात. न्यूट्रॉन मोजून दाखवले की पाठ करावे लागत नाही. कोबाल्टच्या अणूत २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन. निकेलचे ६८ टक्के अणू २८ आणि ३० चे. झाले, निकेल हलके.

पुण्यात राहणाऱ्यांना पोटॅशियम-४० चा आणखी एक दाखला पायाखालीच आहे. पर्वती, वेताळ टेकडी, सिंहगड ज्या काळ्या कातळाचे आहेत, तो दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. असे वय काढण्याच्या प्रमुख पद्धतींपैकी एक पोटॅशियम-आर्गॉनवर उभी आहे. लाव्हा वितळलेला असतो तोवर त्यातला आर्गॉन वायू निसटून जातो. थिजला की नव्याने बनणारा आर्गॉन-४० स्फटिकांत अडकून राहतो. दगडात पोटॅशियम किती आणि आर्गॉन किती हे मोजले की वय निघते. चुकण्याच्या जागा दोन. दगड मुरूम व्हायला लागलेला असेल तर आर्गॉन गळून जातो आणि वय खऱ्यापेक्षा कमी येते, म्हणून नमुना आतला, ताजा, काळा असावा लागतो. आणि दगडाला चिकटलेल्या हवेतही आर्गॉन-४० असतोच. तो वजा करण्यासाठी १८ न्यूट्रॉनचा आर्गॉन-३६ मोजतात, कारण हवेत त्याच्या एका अणूमागे आर्गॉन-४० चे जवळजवळ ३०० अणू असतात. सुधारित पद्धतीत दगडाचा तुकडा अणुभट्टीत ठेवतात. तिथे पोटॅशियम-३९ एक न्यूट्रॉन घेतो, एक प्रोटॉन सोडतो आणि आर्गॉन-३९ होतो. मग पोटॅशियम वेगळे मोजायला नको. दोन आर्गॉनचे गुणोत्तर एकाच यंत्रात मिळते.

जड मूलद्रव्यांकडे जाताना न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा जास्त का होत जातात, हे थोडक्यात. केंद्रकातला प्रत्येक प्रोटॉन बाकीच्या प्रत्येक प्रोटॉनला दूर ढकलतो. बांधून ठेवणारे बल मात्र अगदी लगतच्या कणांपुरतेच पोचते. प्रोटॉन वाढले की ढकलाढकल झपाट्याने वाढते, बांधणी तेवढी वाढत नाही. न्यूट्रॉन बांधणीत भर घालतात आणि ढकलत नाहीत. कॅल्शियम-४० पर्यंत २० ला २० असे समसमान चालते. त्याच्यापुढे समान संख्येचे एकही स्थिर केंद्रक नाही. लोखंड-५६ मध्ये २६ ला ३०. कथील-१२० मध्ये ५० ला ७०. शिसे-२०८ मध्ये ८२ ला १२६. युरेनियम-२३८ मध्ये ९२ ला १४६, आणि तेही पूर्ण स्थिर नाहीच. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा कमी असूनही टिकलेली केंद्रके दोनच : एकही न्यूट्रॉन नसलेला साधा हायड्रोजन, आणि एकच न्यूट्रॉन असलेला हेलियम-३.

यावरून अणुभट्टीतली ‘राख’, म्हणजे वापरून झालेले इंधन, किरणोत्सारी का असते तेही कळते. युरेनियम-२३५ मध्ये एका प्रोटॉनमागे दीडाहून अधिक न्यूट्रॉन. तो फुटून दोन मध्यम तुकडे होतात तेव्हा ते हेच गुणोत्तर घेऊन निघतात, पण त्या आकाराला तेवढे न्यूट्रॉन परवडत नाहीत. मग न्यूट्रॉनचा प्रोटॉन होत होत ते खाली येतात. आयोडीन-१३१ त्यातलाच : ७८ न्यूट्रॉन, स्थिर आयोडीनपेक्षा चार जास्त, अर्धायुष्य ८ दिवस. थायरॉइडच्या उपचाराला तोच वापरतात. न्यूट्रॉन कमी पडले तरी असेच होते. पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८ मध्ये ९ न्यूट्रॉन असतात, स्थिर फ्लोरिनपेक्षा एक कमी. पुन्हा ९ आणि ९, विषम-विषम. अर्धायुष्य ११० मिनिटे. रुग्णालय ‘वेळेवर या’ असे बजावते त्यामागे हेच आहे : दोन तास उशीर झाला की औषधाचा निम्म्याहून अधिक भाग संपलेला असतो. घरी परतल्यावर काळजी करणाऱ्यांसाठी तोच हिशेब : ११ तासांत सहा अर्धायुष्ये होतात आणि चौसष्टावा भागच उरतो.

न्यूट्रॉन बदलल्याने रासायनिक गुणधर्म बदलत नाहीत, असे आपण शिकवतो. ते जवळजवळ बरोबर आहे. हायड्रोजनमध्ये मात्र एका न्यूट्रॉनने वजन थेट दुप्पट होते, त्यामुळे फरक जाणवण्याइतका असतो. असा हायड्रोजन असलेले जड पाणी ३.८ अंश सेल्सिअसला गोठते, आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. खडकवासल्याच्या एक लिटर पाण्यातही १० न्यूट्रॉनच्या ऑक्सिजनचे पाणी सुमारे २ ग्रॅम असते, आणि एक हायड्रोजन जड असलेले पाणी ग्रॅमचा तिसरा भाग. बाष्पीभवनात हलके रेणू आधी उडतात, पाऊस पडताना जड आधी उतरतात. म्हणून पावसातल्या या प्रमाणावरून ढगाचा प्रवास ताडता येतो. पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संशोधन संस्थेत पावसाच्या पाण्याचा असा अभ्यास होतो. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत. न्यूट्रॉन नसलेला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला रेडिओलहरी सोडतो आणि एक न्यूट्रॉनवाला ३२७ ला. दोन्ही कंप्रता त्या दुर्बिणीच्या पट्ट्यांत येतात. सहलीला जाणाऱ्या शाळांनी तिथे या दोन कंप्रतांबद्दल जरूर विचारावे.

आता वर्गात काय करता येईल ते. १०० सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या कराव्यात. ६९ वर ६३ लिहावे, ३१ वर ६५. डब्यात घालून नीट हलवाव्यात, कारण वर-खाली थर राहिले तर उत्तर बिघडते. ४० मुलांनी एकेक उचलावी, परत टाकू नये. सरासरी फळ्यावर काढावी. ६५ च्या १० चिठ्ठ्या आल्या तर सरासरी ६३.५ येईल, १५ आल्या तर ६३.७५, साधारण यांच्या आसपासच येईल. ती पूर्णांकात करून ६४ लिहावी आणि विचारावे, ‘६४ ची चिठ्ठी कोणाला आली?’ कोणाचाच हात वर होणार नाही. नंतर उरलेल्या ६० चिठ्ठ्याही धराव्यात. सरासरी नेमकी ६३.६२ येते. कमी नमुन्यात सरासरी का हलते हे त्यातून समजते. ब्रोमीनसाठी ७९ च्या ५१ आणि ८१ च्या ४९ चिठ्ठ्या कराव्यात.

इथे एखादी हुशार मुलगी हात वर करील : पुस्तकात ६३.५४६ आहे, आपले ६३.६२ कसे? हा प्रश्न टाळू नये. चिठ्ठीवर आपण कणांची संख्या लिहिली, वजन नव्हे. तांब्याच्या त्या दोन अणूंची खरी वजने ६२.९३० आणि ६४.९२८ आहेत. केंद्रक बांधले जाताना थोडे वस्तुमान ऊर्जारूपाने बाहेर जाते, आणि मोजमापाचा आधार असलेल्या कार्बन-१२ पेक्षा तांब्याचे केंद्रक अधिक घट्ट आहे. म्हणून वजन पूर्णांकाच्या किंचित खाली येते. उलट गणितात ही बाब फार महागात पडते. ६३.५४६ वरून ६५ चे प्रमाण काढायला सांगितले आणि ६३ व ६५ हेच आकडे घातले, तर २७ टक्के येते. खरी वजने घातली तर ३१. प्रश्न काढणाऱ्याने वजने दिली नाहीत तर बरोबर रीत वापरणाऱ्या मुलाचेही उत्तर चुकते. क्लोरिनच्या गणितात ३५.५ घेऊन ३ ला १ प्रमाण आणतात. ते योगायोगाने खऱ्याजवळ येते. ३५.४५ घेऊन हेच करून पाहावे, २२.५ टक्के मिळतील. खरे २४ आहे.

आयनांच्या बाबतीत आणखी एक चूक उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते. तांब्याने दोन इलेक्ट्रॉन गमावले म्हणून न्यूट्रॉनमधूनही दोन वजा केले जातात. प्रभार बदलला तरी केंद्रकाला हात लागत नाही. ३४ चे ३४ राहतात.

आपल्या शैक्षणिक पानासाठी आमची विनंती तीन गोष्टींची आहे. न्यूट्रॉनसंख्येचा प्रश्न छापताना समस्थानिकाचे नाव किंवा अणुवस्तुमानांक प्रश्नातच द्यावा. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ‘न्यूट्रॉन’ असा एक आकडी रकाना ठेवू नये. ठेवायचाच असेल तर त्यात तांब्यापुढे ‘३४, ३६’ आणि कथलापुढे दहाही आकडे द्यावेत. आणि आजवर ३५ असे छापून गेले असेल तर त्याच पानावर दुरुस्ती द्यावी, कारण मुले ती कात्रणे वहीत चिकटवून ठेवतात.

प्रश्न असा विचारता येईल : ‘निसर्गातील तांब्यात ६२.९३० वस्तुमानाचे तांबे-६३ हे ६९.१५ टक्के आणि ६४.९२८ वस्तुमानाचे तांबे-६५ हे ३०.८५ टक्के असते. प्रत्येकातील न्यूट्रॉनसंख्या सांगा आणि सरासरी अणुवस्तुमान काढा.’ उत्तर : ३४ आणि ३६, ६३.५५.

आपले,
रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र शिकवणारे काही वाचक,
पुणे